मधे येणारं डोकं

प्रमिलाने ओढणीचं टोक जिभेवर ओलं केलं आणि टीव्हीवरचं आईचं तोंड पुसलं.

"अगं, अगं! घासू नको," सोफ्यावरून तिचा नवरा अविनाश ओरडला. "स्क्रीन खराब होईल. कोरड्या मऊ फडक्यानेच पुसायचं, असं सांगितलंय त्या माणसाने."

"डाग आहे."

"डाग नाही तो. चित्रच तसं आहे."

ती दोन पावलं मागे सरकली. तोंड तसंच होतं. भिजवलेल्या कणकेच्या गोळ्याला कुणी बोटाने दोन खळगे पाडावेत, तसं. खळगे म्हणजे डोळे. त्यांच्या खाली काहीतरी हलत होतं, ते ओठ असावेत. आणि त्या ओठांतून येत होतं एक हिंदी प्रेमगीत, तेही पुरुषाच्या आवाजात, त्या वर्षी प्रत्येक रिक्षात वाजणारं.

डिस्क अंकुशच्या हळदीची होती. अंकुश म्हणजे प्रमिलाचा धाकटा भाऊ, उरणच्या बाजूला खाडीकाठच्या गावात राहणारा. त्याचं लग्न झालं तेव्हा प्रमिलाची मुलगी रिया पाच वर्षांची होती. आता रियाचीच हळद पुढच्या रविवारी होती. घरी पाहुणे येणार, म्हणून अविनाशने रोडपालीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये अर्धी भिंत व्यापणारा टीव्ही आणून टांगला होता. टीव्ही आला त्याच दिवशी प्रमिलाने अंकुशकडून ही डिस्क मागवली. घरातल्यांना वाटलं, नव्या टीव्हीची हौस.

हौस नव्हती. तिला आईचे ओठ बघायचे होते.

तिची आई, गुणाबाई, पनवेलच्या मासळी बाजारात जन्मभर बसली, पण गावात तिची ओळख मासळीवरून नव्हती. ती धवलारीण होती. लग्नघरी हळद लागताना बायका जे धवले म्हणतात, ते पुढे होऊन म्हणणारी. एक ओळ तिने म्हणायची आणि तीच ओळ मागून जनाकाकीने धरायची, अशी त्यांची जोडी होती. दोघींचे बाकीचे धवले गावातल्या आणखी बायकांनाही यायचे. पण हळदीचा एक धवला गुणाबाईला तिच्या आईने दिला होता आणि तो ती फक्त घरच्या लग्नात म्हणायची. बाहेरून कुणी कितीही मानाने बोलावलं तरी नाही. लहानपणी रिया तिच्या मांडीत बसून विचारायची, "आजी, माझ्या हळदीला म्हणशील?" आणि गुणाबाई मासळीच्या वासाच्या हाताने तिचा गाल ओढून म्हणायची, "तुजे हलदीला तर मी उबी ऱ्हाऊन गायाची."

आधी जनाकाकी गेली, मग वर्षभरात गुणाबाई. उभं राहून गायचं राहिलंच.

प्रमिलाला त्या धवल्याच्या दोन ओळी येत होत्या.

*हलद निंगाली गो, खाडीचे वाटं,*
*होरी लागली गो, चिंचेचे घाटं.*

हळद होडीतून येते आणि होडी चिंचेखालच्या घाटाला लागते, इथवर ठीक होतं. पुढे होडीत कोण बसलंय ते आठवत नव्हतं. भांडी घासताना, भाजी निवडताना, रिक्षात बसल्या बसल्या तिने या दोन ओळी म्हणून बघितल्या. तिसरी ओळ ओठांपर्यंत यायची आणि तिथून माघारी जायची. अंकुशला फोन केला तर तो म्हणाला, "मना काय ठावं? मी पाटाव बसलेलो, डोल्यान हलद गेलेली." गावात आता जी धवलारीण आहे ती माइक घेऊन येते. आवाज चांगला आहे तिचा, पण हा धवला तिला येत नाही. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर तो धवला आता कुठे असला, तर या एका चकतीत. आणि चकतीत आईचं तोंड होतं, आवाज नव्हता.

आवाज कुणी वाईटपणाने काढला नव्हता. तेव्हा लग्नाच्या शूटिंगची रीतच ती होती. मांडवातला खरा आवाज म्हणजे नुसता गलका. पोरं रडतायत, कुणी पाणी मागतंय, कुणी भटजींना शोधतंय. तो सगळा पुसायचा आणि त्यावर सिनेमातली गाणी चढवायची. गाणी जितकी नवी तितका व्हिडिओ भारी. अंकुशने तर स्वतः स्टुडिओत बसून ती निवडली होती. डिस्क आली तेव्हा प्रमिलाने ती एकदाच, घरभर माणसांच्या गर्दीत बघितली होती, आणि काही चुकलंय असं कुणालाच वाटलं नव्हतं. आई तिथेच बसलेली होती, गाण्यावर मान डोलवत. तिचा आवाज काय, हवा तेव्हा मिळणार होता.

"पुन्हा मागे घ्या," प्रमिला म्हणाली.

अविनाशने मागे घेतलं. पाटावर अंकुश, त्याच्यामागे बायकांचा घोळका आणि घोळक्यात आई. एक ओळ संपली की ती हनुवटी वर उचलायची, समोर बघत, 'घे आता' म्हटल्यासारखी. बहुतेक कॅमेऱ्याकडे बघून असावं. म्हातारीला कॅमेऱ्याचं भारी कौतुक होतं. त्यात स्क्रीनच्या खालच्या कडेला कुणाचं तरी डोकं होतं. अबोलीचा गजरा माळलेला अंबाडा आणि थोडंसं कपाळ. ते डुललं की नेमकं आईच्या आड यायचं.

"ही कोण बया मधे बसलीय?" प्रमिला वैतागली. "सरक की गं जरा."

"ती आता काही सरकायची नाही," अविनाश म्हणाला.

तेवढ्यात रिया ऑफिसमधून आली. खांद्यावरची बॅग न काढताच तिने टीव्हीकडे बघून नाक मुरडलं.

"पप्पा, तुम्ही हे झूमवर ठेवलंय. जुन्या डिस्कचं पिक्चर चौकोनी असतं. तुम्ही ते स्क्रीनभर ताणताय, म्हणून वरचं-खालचं कापलं जातं."

"मग काय करू?"

"ओरिजिनल साइजवर ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, पण पूर्ण दिसेल."

"काळ्या पट्ट्या बघायला एवढा टीव्ही आणलाय का मी?"

रिमोट त्याच्या मुठीत होता आणि लग्न पार पडेपर्यंत तो तिथेच राहणार अशी चिन्हं होती. रियाने नाद सोडला.

अविनाशला मात्र ते लागलं होतं. त्याला कुणी नावं ठेवली तर तो हसून सोडायचा, टीव्हीला ठेवलेली त्याला खपत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून आला तो काखोटीला एक खोका मारूनच. त्याच्या कंपनीतल्या शिवाने स्वतःचा प्लेअर दिला होता.

"दोष टीव्हीचा नाहीच म्हणतो शिवा. दोष आपल्या जुन्या प्लेअरचा. हा अपस्केलिंगवाला आहे. साध्या डिस्कचं एचडी करतो. हे बघ, खोक्यावरच छापलंय."

वायरी जोडताना तो दोनदा टीपॉयवर आपटला. मग सगळे बसले. प्रमिला सोफ्यावर न बसता खालीच, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली.

फरक पडला. पडला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. आधी कुणाचा हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उठायच्या, त्या गेल्या. तोरणातली आंब्याची पानं सुटी सुटी दिसू लागली. पाटाभोवतीच्या रांगोळीला कडा आली. अबोलीच्या गजऱ्यातली फुलंसुद्धा मोजता आली असती. पण आईच्या तोंडापाशी येऊन सगळी करामत थांबली. कणीक तीच, जरा नीट मळलेली.

"बघ, कसं क्लिअर आलं!" अविनाश म्हणाला.

"पानं क्लिअर आहेत," प्रमिला म्हणाली.

ती इतकी पडलेल्या आवाजात बोलली की अविनाशने खोका हळूच सोफ्यामागे सरकवला. रियाने टीव्हीवर आजीला थांबवलं, मोबाइलने तिच्या चेहऱ्याचा फोटो घेतला आणि जुने फोटो साफ करणाऱ्या एका ॲपमध्ये टाकला. ॲपने थोडा विचार केल्यासारखं केलं, आणि गुणाबाई लख्ख झाली. भुवया आल्या, पापण्या आल्या, गालावर सुरकुत्यांची जाळी आली. ओठ उघडे होते आणि आत दातांची पांढरीशुभ्र ओळ होती.

प्रमिलाने फोन हातात घेतला. बराच वेळ ती बघत राहिली. गुणाबाईने जन्मभर मिश्री लावली होती आणि पुढचा एक दात तर अंकुशच्या लग्नाआधीच पडला होता.

"छान आहे बाई," ती म्हणाली. "पण ही माजी आई नाय."

गावची बोली तिच्या तोंडी एरवी फारशी येत नसे. फार रागावली किंवा फार दुखावली तरच यायची. रियाने फोन घेतला आणि तो फोटो काढून टाकला. अविनाशने कुणी न सांगता टीव्ही बंद केला.

"आई," रिया जरा वेळाने म्हणाली, "मामाच्या हळदीचं शूटिंग ज्याने केलं, तो अजून आहे ना?"

तो होता. उरण नाक्याजवळ चारुदत्तचा स्टुडिओ अजून होता. बाहेरच्या पाटीवर लग्नाआधीच्या फोटोंची जाहिरात होती, आत बहुतेक वेळ पासपोर्ट साइज फोटोंचं काम चालायचं. शनिवारी दुपारी मायलेकी रिक्षाने पनवेलला गेल्या, तेव्हा चारुदत्त चष्मा कपाळावर चढवून कुणाच्या तरी फोटोमागची भिंत पांढरी करत बसला होता. आता तो टकला झाला होता, पण प्रमिलाने नाव सांगताच त्याने ओळखलं.

"अंकुशशेठची हळद! नाचून नाचून मांडव पाडला होता त्या पोरांनी. बसा, ताई."

प्रमिला बसली नाही. तिच्या मनात एक आशा होती. ती तिने रियालाही सांगितली नव्हती. आता तीच तिने आधी विचारून टाकली.

"डिस्क राहू दे, दादा. तुमच्याकडे तेव्हाची टेप असेल ना? गाणी घालायच्या आधीची?"

चारुदत्तने चष्मा काढला.

"टेप कसली राहते, ताई. तेव्हा आम्ही एकच टेप पुन्हा पुन्हा वापरायचो. अंकुशच्या हळदीवर पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाचा साखरपुडा चढला असेल. सगळेच तसं करायचे."

त्याच्या आवाजात ना लपवाछपवी होती ना पश्चात्ताप. मग मात्र प्रमिला बसली. आता जे काही होतं ते पर्समधल्या त्या चकतीत होतं, आणि दोन दिवस ते बघून झालं होतं. यापेक्षा टीव्ही आलाच नसता तर बरं होतं, असं तिला वाटलं. निदान चकतीत आई आहे या भरवशावर तरी राहिलो असतो.

रियाने घरात काय काय झालं ते सांगितलं. मोठा टीव्ही, नवा प्लेअर, ॲपमधले दात. चारुदत्त ऐकता ऐकता हसू दाबत होता.

"मग अपस्केलिंगने काहीच होत नाही का?" रियाने विचारलं.

"होतं की. कडा साफ होतात, रेघा जातात. पण नवीन काही येत नाही. आता बघा, तुम्ही ठिपक्यांची रांगोळी काढता. डिस्क म्हणजे नुसते ठिपके. छोट्या टीव्हीवर ते जवळजवळ बसायचे. तुमच्या टीव्हीवर ते लांब लांब पडतात, मग मधल्या जागेत काय काढायचं ते टीव्ही ठरवतो, शेजारचं बघून. प्लेअर ठरवतो तेही तसंच. आणि ते ॲप तर मनानेच मोर काढतं."

"आईचे ओठ नाही दिसणार?" प्रमिलाने विचारलं. तिला रांगोळीत रस नव्हता.

"आणा बघू डिस्क."

त्याने ती कॉम्प्युटरमध्ये घातली आणि आधी आवाज बंद केला. ते प्रेमगीत आता त्यालाही सोसवत नसावं. छोट्या चौकोनी चित्रात अंकुश पाटावर आला, बायका आल्या, आई आली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या होत्या. चारुदत्तने चित्र थांबवलं आणि पेनाच्या टोकाने पडद्यावर दाखवलं.

"मावशी इथे, लांब बसल्यात. म्हणजे त्यांच्या तोंडाच्या वाट्याला ठिपके आले मूठभर. त्यातून कुणीही आलं तरी ओठ काढू शकणार नाही. यात माझ्या कॅमेऱ्याचा दोष नाही, तुमच्या टीव्हीचाही नाही. आणि ही पुढची बाई बघा. तोच कॅमेरा, तीच डिस्क. पण ही जवळ बसलीय, तर हिच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसतोय."

रियाने पडद्याकडे बघितलं. मग आईच्या हनुवटीकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली.

खालची कड आता कापलेली नव्हती. अंबाडा होता, अबोलीचा गजरा होता, कपाळ होतं, आणि कपाळाच्या खाली एक पूर्ण चेहरा होता, कॅमेऱ्याकडे तिरका वळलेला. गाल भरलेले, कानात नवे झुमके. मांडीवर पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी तोंड उघडं टाकून झोपली होती. दोन दिवस जिला 'सरक, सरक' म्हणून प्रमिला वैतागत होती, ती बया ती स्वतःच होती. तिला आधी आला तो रागच, आणि तोही स्वतःचा. आपलंच डोकं आपल्याला ओळखू येऊ नये!

"ही मी झोपलेय?" रिया पडद्याला नाक लावायला आली होती. "आणि तू काय खातेयस गं?"

चारुदत्तने चित्र सुरू केलं. लांब बसलेल्या आईचं तोंड हललं, थांबलं. तिने हनुवटी वर उचलली. पुढच्या बाईचे ओठ हलायला लागले. ते थांबले, आईचे सुरू झाले. पुन्हा हनुवटी वर गेली.

प्रमिलाने घोळक्यात जनाकाकीला शोधलं. जनाकाकी कुठेच नव्हती. आणि मग तिला आठवलं. जनाकाकी त्या दिवशी तापाने फणफणली होती. मांडवात आईने मागे वळून तिला खुणेनेच बोलावलं होतं, समोर बसवलं होतं आणि म्हटलं होतं, "तू धर मागं." सासरची माणसं बघत होती, रिया पेंगुळली होती, कधी एकदा उरकतं असं झालं होतं. आपण चारचौघांत गायलो हे तिने नंतर मनातून पार पुसून टाकलं होतं. आई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. आई तिच्याकडे बघत होती.

"खात नाय," ती रियाला म्हणाली. "दादा, पहिल्यापासून लावा."

"स्लो करून देऊ?"

"नको. तालात राहू दे."

पडद्यावरची प्रमिला सुरू झाली तशी खुर्चीवरचीही सुरू झाली, आवाज न करता. पहिली ओळ. दुसरी ओळ. मग तिसरी. पडद्यावरचे ओठ गोल झाले, पसरले, मिटून पुन्हा उघडले. हिनेही तसेच केले. काही आलं नाही. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा गोल, पुन्हा पसरलेले, पुन्हा मिटलेले. दारात एक माणूस फोटो काढायला आला होता, चारुदत्तने त्याला हाताने थांबवलं. तिसऱ्या वेळी ओठ मिटून उघडले आणि आवाज आपला आपणच बाहेर आला, जरा घोगरा, जरा चढा, गुणाबाईच्या पट्टीत.

*होरीन बसली गो, नवऱ्याची आजी,*
*तिचे वटीन गो, हलद ताजी.*

तेवढ्यात पडद्यावरचा कॅमेरा वळला. आई गेली, अंबाडा गेला, अंकुशचे मित्र हात वर करून नाचायला लागले.

"श्शी, इथेच कट केलंत!" रिया म्हणाली. चारुदत्तचा हात चित्र मागे घ्यायला माउसकडे गेला.

पण प्रमिला पडद्याकडे बघतच नव्हती. भिंतीवर नमुन्याच्या रिकाम्या फ्रेमी टांगल्या होत्या, तिकडे तिची नजर होती आणि ती पुढे चालली होती. आजीच्या मागे मामी उतरली, मामीच्या मागे मावशी, हळदीच्या ताटावर कुणी पदर धरला, घाटावर कोण सामोरं आलं, एकेक ओळ पुढचीला हाताला धरून आणत होती. कडव्याच्या शेवटी ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. या वेळी होडीतली आजी आली तेव्हा तिने 'नवऱ्याची' म्हटलं नाही. 'नवरीची' म्हटलं. त्या शब्दावर आवाज चिरकला, पण तिने ओळ सोडली नाही.

रियाने घाईघाईने पर्समधून फोन काढला आणि रेकॉर्ड करायला वर धरला. प्रमिलाने गाता गाताच तिचं मनगट धरून ते खाली काउंटरवर टेकवलं.

ओळ संपली. तिने रियाकडे बघत हनुवटी वर उचलली.